नेम चुकला तो तुमचा की गोळीचा? विचारा क्रोनोग्राफला

जत्रेत फुगे फोडायची बंदूक तुम्ही एकदा तरी हातात घेतली असेलच. समोर रंगीत फुग्यांच्या रांगा, मागे आपली मंडळी, हातात मोजून दिलेले पाच-सहा छर्रे. पहिल्या छर्र्यात फुगा फुटला की आपण लगेच कॉलर ताठ करतो. दुसरा छर्रा अगदी तसाच नेम धरून सोडावा, तर तो फुग्याच्या खालून निघून जातो. आपण म्हणतो, "बंदूकच वाकडी आहे!" बंदूकवाला शांतपणे म्हणतो, "हात हलला तुमचा." खरं कोण बोलतंय हे ठरवायला तिथे काहीच साधन नसतं.

आता हेच भांडण जरा मोठ्या जागी नेऊन बघा. ५० मीटर रायफल नेमबाजीत टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच ५० मीटर अंतरावर, थ्री पोझिशन्स प्रकारात. तिथे एखादी गोळी सात-आठ मिलिमीटर खाली लागली, तर दोष कुणाचा? हाताचा, श्वासाचा, की गोळीच मुळात हळू निघाली?

नेमबाज वर्षानुवर्षं सराव करून स्वतःचा हात सुधारतो. पण दोष गोळीचा असेल, तर तो उगाचच हाताला शिक्षा देत बसेल. या दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या करणारं एक यंत्र आहे. त्याचं नाव क्रोनोग्राफ. (मनगटी घड्याळांच्या जाहिरातीत दिसतं तेच नाव, पण काम वेगळं. हा क्रोनोग्राफ बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजतो.)

गोळी पळते तरी किती?

क्रिकेटच्या भाषेत बघू. शोएब अख्तरनं २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये टाकलेला तो गाजलेला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटरचा होता. म्हणजे सेकंदाला साधारण ४५ मीटर. १० मीटर एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं, तो हा प्रकार. ५० मीटर प्रकारातली पॉइंट टू टू बोअरची गोळी सेकंदाला ३२० ते ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. आणि लांब पल्ल्याच्या पॉइंट थ्री झीरो एट रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या घरात. ताशी २,८८० किलोमीटर!

पण वेगाचा आणि नेमाचा संबंध काय? नेम सरळ धरला की गोळी सरळ जायला हवी ना?

नाही जात. गोळी नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या किल्लीसारखीच. वेगवान गोळी लवकर पोचते, म्हणून तिला पडायला वेळ कमी मिळतो. हळू गोळीला जास्त मिळतो. पॉइंट टू टूची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. नेमबाज हे धरूनच रायफलची साइट लावतो, त्यामुळे रोजच्यासारखी गोळी बरोबर मध्यभागी लागते. पण एखादी गोळी सेकंदाला १० मीटरनं हळू निघाली, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली जाते. बटणाच्या मधोमध धरलेला नेम बटणाच्या काठाबाहेर. हात मात्र जराही हललेला नसतो.

लाकडाचा ठोकळा आणि एक हुशार माणूस

इतक्या वेगानं जाणारी वस्तू मोजायची कशी, हा प्रश्न शेकडो वर्षं कुणालाच सुटला नव्हता. सेकंदाचे भाग मोजणारी घड्याळं नव्हती, वीज नव्हती. तोफा होत्या, त्यांनी किल्ले पडत होते, राज्यं जात होती, पण गोळा नेमका किती वेगानं निघतो हे तोफ डागणाऱ्यालाही माहीत नसायचं.

हे कोडं सोडवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. १७४२ साली त्याचं तोफखान्याच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं आणि त्यात त्यानं एक विलक्षण सोपी युक्ती मांडली. जलद वस्तू मोजता येत नाही ना? मग तिला हळू करा! त्यानं एक जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यात गोळी झाडली. गोळी ठोकळ्यात रुतली आणि ठोकळा मागे झुलला. ठोकळ्याला जोडलेली फीत किती ओढली गेली, त्यावरून झोका मोजायचा.

यातलं गणित शाळेतलंच आहे. समजा गोळी १० ग्रॅमची आणि ठोकळा १० किलोचा. ठोकळा गोळीच्या हजार पट जड, म्हणून दोघं मिळून गोळीच्या हजाराव्या हिश्श्यानं हलणार. गोळी सेकंदाला ५०० मीटरनं आली असेल, तर ठोकळा सेकंदाला अर्ध्या मीटरनं निघेल आणि सुमारे सव्वा सेंटिमीटर वर उचलला जाईल. सव्वा सेंटिमीटर तर पट्टीनंही मोजता येतं! डोळ्याला न दिसणारी गोष्ट त्यानं डोळ्यांना दिसेल इतकी सावकाश करून टाकली. मला तर आजच्या कुठल्याही रडारपेक्षा ही युक्ती जास्त आवडते.

रॉबिन्सला मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला १,६०० फुटांहून जास्त मिळाला. मग त्यानं ठोकळा वेगवेगळ्या अंतरांवर टांगून बघितला, तेव्हा आणखी मोठी गोष्ट हाती लागली. थोडंसंच अंतर कापताना गोळीचा बराच वेग हवाच खाऊन टाकत होती. एवढ्या जड शिशाच्या गोळीला हवा काय अडवणार, असं तोवर बऱ्याच जाणकारांना वाटत होतं. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं १७४५ मध्ये या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला, तोही भरपूर टिपा जोडून. पुढच्या वर्षी रॉबिन्सला रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं.

आता गंमत बघा, या माणसाचा शेवट कुठे झाला? आपल्या भारतात. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला किल्ले दुरुस्त करायला पाठवलं. १७५० मध्ये तो इथे आला आणि १७५१ मध्ये तापानं तमिळनाडूतल्या कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. वय अवघं चव्वेचाळीस.

हा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये विकत घेतला होता तो मराठ्यांकडून. राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते. किल्ल्याबरोबर भोवतालची किती जमीन द्यायची, हे ठरलं तोफेनं. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरची गावं इंग्रजांची. त्यासाठी इंग्रजांनी साधीसुधी तोफ वापरली नाही, हे सांगायला नकोच. त्या गावांना पुढे 'गुंडु ग्रामम', म्हणजे तोफगोळ्याची गावं, असंच म्हणायला लागले. गोळा किती जोरात निघतो यावर जिथे गावांची मालकी ठरली, तिथेच साठ वर्षांनी गोळ्याचा वेग मोजायला शिकवणारा माणूस शेवटचा श्वास घेतो. कादंबरीत वाचलं असतं तर हा योगायोग पटला नसता.

तारा, सावल्या आणि रडार

ठोकळ्यानंतर तारा आल्या. १८६० च्या दशकात ल बुलांजे या बेल्जियन तोफखाना अधिकाऱ्यानं एक यंत्र बनवलं. गोळीच्या वाटेत दोन ठिकाणी वीज वाहणाऱ्या तारा ताणायच्या. पहिली तार तुटली की विद्युतचुंबकाला चिकटलेली एक लांब कांडी सुटून खाली पडायला लागते. दुसरी तार तुटली की दुसरी कांडी सुटते आणि तिच्या धक्क्यानं एक सुरी झटकन पुढे येऊन पडत्या कांडीवर खूण करते. खूण जितकी वर, तितका मधला वेळ जास्त. म्हणजे गोळीची वेळ मोजायला घड्याळ न वापरता पडणारी कांडीच वापरली. विसाव्या शतकातही हे यंत्र कितीतरी वर्षं वापरात होतं.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि सेकंदाचे लाखावे भाग मोजणं सोपं झालं. आता तार तोडायची गरज उरली नाही, गोळीची सावली पुरली. रेंजवर आजही दिसणारा स्वस्त क्रोनोग्राफ असाच असतो. स्टँडवर एक डबा, त्यात साधारण दोन फुटांच्या अंतरावर प्रकाश टिपणारे दोन डोळे, वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कमानी. गोळी पहिल्या डोळ्यावरून गेली की सावली पडते आणि घड्याळ सुरू होतं. दुसऱ्यावरून गेली की बंद. सेकंदाला ८०० मीटरची गोळी हे अंतर एका मिलिसेकंदाच्या आतच पार करते. तुमची पापणी एकदा लवते, तेवढ्यात तिनं हा प्रवास शंभराहून जास्त वेळा केला असता.

पण हा डबा लहरी आहे. ढगाळ दिवशी खूश, कडक उन्हात नाराज. उन्हाला त्रास नको म्हणून तर वरची पांढरी कमान. बंद हॉलमध्ये दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. आपल्याला ते कळत नाही, पण डब्याला कळतं आणि तो भलतेच आकडे दाखवतो. बंदुकीच्या तोंडाशी फार जवळ ठेवला तर गोळीऐवजी भडक्याची लाटच मोजून बसतो, म्हणून तो दहा-पंधरा फूट पुढे ठेवायचा. आणि पुढे ठेवला की तो गोळीच्या वाटेतच आला! जरा नेम खाली धरला की गोळी सरळ डब्यात. स्वतःच्या क्रोनोग्राफला गोळी घातलेले नेमबाज जगभर आहेत आणि ते हे किस्से लाजत लाजत सांगतात.

म्हणजे हात आणि गोळी यांच्या भांडणात आता तिसरा संशयित आला: खुद्द यंत्र. दोन डोळ्यांमधलं अंतर ६१ सेंटिमीटर समजलात आणि प्रत्यक्षात ते ६ मिलिमीटरनं चुकलं, तर आकडा एक टक्क्यानं चुकतो. ८०० च्या वेगावर ही ८ मीटरची चूक. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या केन ओहलर यांनी यावर छान तोड काढली. दोन डोळ्यांच्या मध्ये त्यांनी तिसरा डोळा बसवला. आता एकाच गोळीचा वेग दोनदा मोजला जातो. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक, नाही जुळली तर यंत्र स्वतःच कळवतं की या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आपली चूक स्वतः कबूल करणारी यंत्रं तशी कमीच.

आता जमाना रडारचा आहे. क्रिकेटमधली स्पीड गन ज्या तत्त्वावर चालते तेच इथेही. रुग्णवाहिका आपल्याजवळून निघून गेली की सायरनचा सूर खाली उतरतो, हा डॉप्लर परिणाम. रडार गोळीच्या मागे रेडिओ लहरी पाठवतं, गोळीवर आपटून परत आलेल्या लहरींचा सूर किती बदलला ते बघतं आणि त्यावरून वेग काढतं. हे यंत्र बंदुकीच्या शेजारी ठेवायचं असतं, पुढे नाही. म्हणजे गोळी खायचा प्रश्न मिटला. ऊन, सावली, दिवे कशाचंच वावडं नाही. शिवाय ते गोळीचा काही अंतर पाठलाग करतं, त्यामुळे हवेनं किती वेग खाल्ला तेही कळतं, जे शोधायला रॉबिन्सला ठोकळा उचलून पुढे-मागे न्यावा लागत होता. लॅबरडार हे असं पहिलं गाजलेलं घरगुती यंत्र. २०२३ मध्ये गार्मिन कंपनीचा झीरो नावाचा क्रोनोग्राफ आला, तो तर तळहातावर मावतो आणि आकडे थेट मोबाइलवर पाठवतो.

गॅरेजमधलं काडतूस

क्रोनोग्राफचा सगळ्यात मोठा चाहता कोण असेल, तर घरी काडतुसं भरणारा माणूस. आपल्याकडे हे चित्र ओळखीचं नाही. भारतात काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. पण अमेरिकेत हा अगदी सर्रास छंद आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, साफ करून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तराजूवर मोजून दारू भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. आपल्याकडे आजी पापडाचं पीठ ज्या निगुतीनं मोजते, त्याच निगुतीनं हे लोक दारू मोजतात. माप ग्रेनमध्ये. सुमारे साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम, आणि ही मंडळी ग्रेनचा दहावा भागही सोडत नाहीत.

का एवढं? एक तर आपल्या रायफलला नेमकं मानवणारं काडतूस हवं असतं. आणि दुसरं कारण जिवाशी आहे. पॉइंट थ्री झीरो एटच्या काडतुसात जास्तीत जास्त दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ द्यायचा, अशी अमेरिकेतली मर्यादा आहे. हवेच्या दाबाच्या ४,००० पटींहूनही जास्त! तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत हवेच्या फक्त दुप्पट दाब असतो. आणि हा चार हजार पट दाब पोलादी भिंतीच्या आड, नेम धरणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर तयार होत असतो.

घरी हा दाब मोजायची सोय बहुतेकांकडे नसते. वेग मात्र मोजता येतो. काडतूस भरण्याची पुस्तकं असतात. कुठली गोळी, कुठली दारू, जास्तीत जास्त किती, आणि मग वेग किती यायला हवा, सगळं त्यात छापलेलं असतं. नवख्याला क्रोनोग्राफवर पुस्तकापेक्षा जास्त आकडा दिसला की आनंद होतो. वाह, माझी रायफल भारी! अनुभवी माणूस तोच आकडा बघून थांबतो, उरलेली काडतुसं बाजूला ठेवतो आणि घरी जाऊन ती उघडतो. कारण वेग फुकट येत नाही. तेवढ्याच लांबीच्या नळीतून गोळी जास्त जोरात निघाली, याचा सरळ अर्थ आत दाब जास्त झाला. दारू जास्त पडली असेल, तराजू चुकला असेल, किंवा काडतुसांचा डबा भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला असेल. गरम दारू जास्त जोरात जळते. वेगाचा हा आकडा बघून कितीतरी जणांचे डोळे आणि बोटं वाचली असतील, याची नोंद कुठेच सापडणार नाही. न झालेला अपघात कोण लिहून ठेवतो?

उलटही घडतं. थंडीच्या दिवसांत दारू मंद जळते आणि वेग उतरतो. प्रॅक्टिकल शूटिंग नावाच्या पिस्तुलाच्या स्पर्धांमध्ये यावरून भल्याभल्यांची पंचाईत होते. तिथे नियम असा, की गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि हजारानं भागायचं. उत्तर किमान १२५ आलं पाहिजे. हलक्या, धक्का न देणाऱ्या गोळ्या वापरून कुणी सोपा मार्ग घेऊ नये, म्हणून ही अट. स्पर्धेच्या मैदानावरच क्रोनोग्राफ मांडलेला असतो. पंच स्पर्धकाकडून काही काडतुसं काढून घेतात, एखादं उघडून गोळी तोलतात, बाकीची झाडून वेग बघतात. आता १२४ ग्रेनची गोळी घ्या. सेकंदाला १,००९ फूट वेग आला तर उत्तर १२५.१, पास. १,००८ आला तर १२४.९९, नापास! एका फुटासाठी. मग स्पर्धा पुढे खेळता येते, पण गुण शून्य. घरी उबदार गॅरेजमध्ये मोजलेला वेग पहाटेच्या गारठ्यात दहा फुटांनी उतरला, तर वर्षभराच्या मेहनतीचं काय झालं ते तुम्हीच समजा. म्हणून शहाणे लोक सीमेला खेटून काडतूस भरत नाहीत, थोडा हात राखूनच ठेवतात.

सरासरी फसवी असते

क्रोनोग्राफ हातात आला की प्रत्येक जण पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: जास्तीत जास्त किती? खरं तर तो आकडा कमी कामाचा. कामाचं काय, ते या उदाहरणात बघा.

समजा दोन प्रकारची काडतुसं आहेत. दोन्हींची सरासरी सेकंदाला ८०० मीटर. पहिल्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या ७९७ ते ८०३ च्या मध्ये. दुसऱ्यातल्या ७८५ ते ८१५ च्या मध्ये. १०० मीटरवर तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्यांची वर-खाली फारच झाली तर सहा मिलिमीटर. पण एफ क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत १,००० यार्डांवर, म्हणजे जवळपास एक किलोमीटरवर, नेम धरतात. तिथे पहिल्या डब्यातल्या सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू गोळीत उंचीचा फरक सुमारे सात इंच पडेल. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्यांमध्ये हाच फरक तीन फुटांच्या आसपास जाईल. आणि दहा गुणांचं वर्तुळ? दहा इंचांचं. दुसरा डबा घेऊन जगातला सगळ्यात स्थिर हातही तिथे हरणार.

म्हणून जाणकार सरासरीच्या आधी फैलाव बघतात. आणि तोही तीन गोळ्यांवरून नाही. तीन गोळ्या योगायोगानं सारख्या निघू शकतात, तीन वेळा नाणं उडवून तिन्ही वेळा छापा पडावा तसं. किमान दहा, जमल्यास वीस. पॉइंट टू टूची काडतुसं कुणी घरी भरत नाही, ती कारखान्यातूनच येतात. पण त्यांचाही प्रत्येक लॉट जरा वेगळा निघतो. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, तिथे ती शिकंजात आवळतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून बघतात. रायफल शिकंजात, म्हणजे हाताचा प्रश्नच संपला. आता जो फैलाव दिसेल तो गोळीचा आणि नळीचा. ज्या लॉटचा फैलाव सगळ्यात कमी, त्याचे खोके घेऊन माणूस घरी येतो.

खोक्यावरचा आकडा आणि तुमचं घर

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात ना रायफल ना काडतुसं, मग हे आम्हाला कशाला? पण मुलांच्या नेमबाजीच्या क्लाससाठी एअर रायफल घेणारी घरं आता कमी नाहीत. भारतात ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. ब्रिटनमध्ये ही रेघ आणखी खाली, रायफलसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल.

पण खोक्यावर जूल क्वचितच ठळक छापतात. मोठ्या अक्षरात असतो तो वेग. समजा खोक्यावर लिहिलंय, सेकंदाला १,००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. ०.३४ ग्रॅमचा अगदी हलका छर्रा या वेगानं गेला तर ऊर्जा १६ जूलपेक्षा जराशी कमी. नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा याच वेगानं गेला तर २४ जूलच्या वर, म्हणजे मर्यादेबाहेर. अर्थात तीच बंदूक जड छर्रा तितक्या जोरात फेकणार नाही, तो हळूच जाईल. पण नेमका किती हळू, हे खोकं सांगत नाही. मोठा आकडा दिसावा म्हणून जाहिरातीसाठी हलका छर्रा वापरायची पद्धत जुनीच आहे.

हिशेब तुम्हीही करू शकता. छर्र्याचं वजन किलोत घ्या, त्याला वेगानं दोनदा गुणा, आणि दोननं भागा. आला जूलचा आकडा. ०.५३ ग्रॅमच्या छर्र्यासाठी २० जूलची रेघ सेकंदाला सुमारे २७५ मीटरवर येते. १० मीटर स्पर्धेची रायफल तेवढ्याच छर्र्याला जेमतेम ८ जूल देते. म्हणजे मुलाला स्पर्धेत उतरायचं असेल, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचा त्याला काही उपयोगच नाही. आणि ८ जूलसुद्धा डोळ्याला कायमची इजा करायला पुरेसे आहेत, त्यामुळे घरच्या गच्चीवर फुगे फोडायचा बेत असेल तर तो रद्द करा. सराव रेंजवरच.

एअर रायफल घ्यायला गेलात, तर दुकानदाराला एवढंच विचारा, "क्रोनोग्राफ आहे का? मी जो छर्रा वापरणार आहे, त्याचेच दहा सोडून दाखवा." दहाही आकडे कागदावर लिहा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यात फार अंतर असेल, तर दुसरी रायफल बघा किंवा दुसरा छर्रा. दुकानात सोय नसेल तर मुलाच्या प्रशिक्षकांना विचारा. जुनी, हाताळलेली किंवा कुणी आतली स्प्रिंग बदललेली रायफल घेत असाल, तर हे न करता पैसे देऊच नका. तीच वही पुढेही ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा दहा छर्रे सोडा. आकडे उतरले असतील, तर रायफलचं सील किंवा स्प्रिंग थकलीय. आकडे तसेच असतील आणि गुण मात्र घसरले असतील, तर मग मुलाशी बोलायला हवं, आणि तेही न रागावता.

आणि पुढच्या जत्रेत फुग्याखालून छर्रा गेला, तर बंदूकवाल्याला म्हणून बघा, "थांबा, आधी दहा छर्र्यांचा वेग मोजू." तो थांबेल असं मात्र मला वाटत नाही.